पहाटे साडेपाचचा खराटा

पर्वरीकर
मिरजेहून गोव्यात पर्वरीला येऊन अकरा वर्षं झाली. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला, आणि खिडकीखाली चिऱ्याच्या कंपाउंडपलीकडे एक जुनं कौलारू घर. त्या घरातल्या आजी रोज पहाटे साडेपाचला अंगण झाडतात. हिरांचा खराटा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खर्र खर्र. एवढं सोसलं असतं. पण झाडता झाडता हीर वरखाली होतात. मग आजी थांबतात, खराटा उभा धरतात आणि त्याचं बूड धुण्याच्या दगडावर आपटतात. ठाक, ठाक, ठाक. पुन्हा खर्र. मला खराटा नाही, ती मधली शांतता जास्त छळते. आता आपटणार, आता आपटणार, म्हणून कान टवकारलेले. शेवटी बादलीभर पाणी पायरीवर छपाक. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजतो तोवर माझा पहिला चहा होऊन गेलेला असतो.

तुमचे अनुभव लिहा. आवाजाचे, पाण्याचे, धुराचे, सगळे चालतील. भांडण झालं असेल तर तेही, आणि मिटलं असेल तर कसं मिटलं ते जरूर. नावं मात्र नकोत. शेजारीही वाचतात.

डिचोलीकर
आमच्याकडे खराटा नाही, गवत कापायचं मशीन. पावसात गवत कमरेएवढं होतं आणि गणेशचवथीला पाहुणे यायच्या आधी प्रत्येकाला आपलं खळं चकाचक हवं असतं. वाड्यावर सात घरं, सातांचे सात गडी, आणि प्रत्येकाचा दिवस वेगळा. म्हणजे चवथीआधीचा अख्खा आठवडा कानाशी भुंगा. त्यात त्या फिरत्या दोऱ्याने खडा उडून आमच्या खिडकीची काच गेली. काचेचे पैसे कुणी द्यायचे यावर दोन दिवस तोंडं वाकडी होती. दुसऱ्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी सगळ्यांना आरत्यांच्या तालमीला बोलावलं आणि वाजवायचे घुमट बाजूला ठेवून आधी हाच विषय काढला. आता एकच गडी, एकच दिवस, सातही घरं. मजुरीतही थोडी सूट मिळते. काचेचे पैसे अजून आलेले नाहीत.

म्हापशाहून
माझं दुखणं वरून येतं. मी तळमजल्यावर, वरच्या वहिनी दर शनिवारी बाल्कनी धुतात. पाणी बाहेर जायला भिंतीत एक पाइपचा तुकडा बसवलाय, तो नेमका माझ्या पडवीच्या वर.

गेल्या मे महिन्यात गावाहून भिरंडां, म्हणजे कोकमाची फळं, आली होती, दोन मोठ्या टोपल्या. सोलां, म्हणजे आमसुलं, ज्यांनी घरी केलीत त्यांना सांगायला नको. फळं फोडायची, गर वेगळा, सालं वेगळी. गरात मीठ घालून त्याचा रस, सालं त्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी पुन्हा रसात. असं पाच-सात दिवस, सालं काळीभोर होईपर्यंत. सहावा दिवस होता. दोन सुपं आणि एक जुनी चटई भरून सोलां पडवीच्या कठड्यावर. मी आत फोनवर. वरून पाणी आलं ते फिनाइलचं, पांढरं, दुधासारखं.

मी ओरडले नाही. एक सूप उचललं, जिना चढले आणि त्यांच्या दारात ठेवलं. म्हटलं, "वहिनी, वास घेऊन बघा." त्यांनी घेतला. बराच वेळ सुपाकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगो, हे सगळं?" मी म्हटलं, सगळं. पुढच्या शुक्रवारच्या बाजारातून त्यांनी किलोभर सोलां आणून दिली. विकतची ती विकतचीच, पण घेतली. आता धुवायच्या आधी वरून हाक येते, "आसा गो कितें सकयल?" म्हणजे खाली काही आहे का गं? पाइपचा तुकडा आहे तिथेच आहे. भिंतीवरचे लाल ओघळही.

ताळगावकर
दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्रीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? पहाटे चारपर्यंत स्पीकर, मग दहन, मग सगळे अभ्यंगस्नानाला आपापल्या घरी. रस्त्यावर उरतात तारा, खिळे, अर्धवट जळलेल्या पट्ट्या. गेल्या खेपेला माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात नरकासुराच्या कमरेतला खिळा निघाला. पंक्चरवाला म्हणाला, सकाळपासून तुम्ही नववे.

फोंडेकर
आमचे समोरचे रोज सकाळी रस्ता धुतात. स्वतःचं अंगण नाही, डांबरी रस्ता. का, तर धूळ घरात येते. हिरवी नळी, अंगठा तोंडावर दाबून फवारा. मी बरीच वर्षं काही बोललो नाही. ओपाच्या सरकारी प्रकल्पाचं पाणी, नळ त्यांचा, बिल त्यांचं.

मग 2019 चा ऑगस्ट. खांडेपारजवळ मुख्य जलवाहिनी फुटली आणि फोंड्यात नि पणजीकडे नळ कोरडे पडले. बाहेर धो धो पाऊस, आत थेंब नाही. पागोळ्यांखाली पिंप लावून आम्ही भांडी घासली. टँकर आला की वाड्यातले सगळे कळशा घेऊन धावायचे. चवथ दोन आठवड्यांवर, घरं धुवायची राहिलेली, सगळ्यांची डोकी तापलेली. तिसऱ्या दिवशी रांगेत समोरचे माझ्या पुढे होते. मी म्हटलं, "भाऊ, रस्ता पावसाने धुतला हो, तुमचा त्रास वाचला." बोलायला नको होतं. रांग हसली, आणि ते दोन कळशा अर्ध्याच भरून निघून गेले.

रस्ता धुणं बंद झालं नाही. नळ आल्याच्या दुसऱ्या दिवशी नळी बाहेर. फक्त आता मी बाहेर पडलो की ते नळी खाली करतात आणि मी पुढे जाईपर्यंत माडाकडे बघत राहतात.

मडगावहून
शेजारी मासे बाहेरच्या नळावर साफ करतात. खवले, डोकी, आतडी गटारात, आणि गटार आमच्या फाटकासमोर तुंबतं. दहा मांजरं पोसली जातात, ती रात्री आमच्या कौलांवर कीर्तन करतात. मासेमारीबंदीचे 61 दिवस, जून-जुलै, तेवढाच आराम. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मीही चिडलेलाच असतो, मासळी माझ्याही ताटात नसते.

पणजीकर
रविवार. शेजारच्यांची गाडी. दाबाने पाणी मारायचं यंत्र. एक गाडी धुवायला दीड तास कसा लागतो हा माझा प्रश्न आहे. मी फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन गेलो, आकडा 80 च्या वर. नियम दाखवला: 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम, निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "हे माझं यंत्र आहे की तुमचा कुत्रा?" कुत्रा खरंच भुंकत होता. यंत्राला.

जाता जाता पर्वरीकरांना: त्या नियमांत रात्र म्हणजे 10 ते 6. कायद्याने तुमच्या आजी रात्रीच झाडतात.

वाळपईहून
झाडलेला पाला नेऊन टाकतात कुठे ते विचारा. आमच्याकडे पेटवतात. काजूचा पाला ओला असला की धूर जमिनीलगत सरपटत थेट खिडकीत येतो. आईला दमा आहे. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाची 2016 पासून बंदी आहे, दंड 5000 रुपये. मी हे सांगितल्यावर उत्तर मिळालं, "कचरो न्हय, पालो." आता त्यांचा पाला मीच मागून आणतो आणि माडांच्या आळ्यात घालतो. माड खूश आहेत.

मांद्रेकरीण
सगळं वाचलं. आता या बाजूचंही ऐका, कारण पहाटे पाचला खराटा घेणारी मीच.

आमच्याकडे नळाला पाणी पाच ते साडेसहा. नंतर नळ नुसता हवा फुंकतो. सात-पाचच्या कदंबा बसने नवऱ्याला आणि मुलीला जायचं असतं, म्हणजे डबे सहाला. अंगण त्याच्या आधी नाही तर कधीच नाही. दुसरं म्हणजे पहाटे दंवाने धूळ बसलेली असते. नऊ वाजता झाडून बघा, अर्धं अंगण नाकात जातं. सासूबाईंनी हे शिकवलं, आणि उजाडायच्या आत केर काढला नाही तर लक्ष्मी उंबऱ्यावरून परत जाते हेही.

शेजारचा व्हिला आता सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने देतात. शुक्रवारी, शनिवारी रात्री दोनपर्यंत पोहण्याच्या तलावात उड्या, गाणी, किंकाळ्या. मागच्या महिन्यात पहाटे मी झाडत होते तर वरच्या गॅलरीतून एक मुलगा म्हणाला, "मावशी, प्लीज, आम्ही आत्ताच झोपलोय." मी म्हटलं, "बाबा, मी आत्ताच उठलेय." तो हसला, मीही हसले. झाडायची थांबले मात्र नाही.

पर्वरीकर, तुम्हाला एक विचारते. आजी रोज झाडतात ती पानं कुणाच्या झाडाची?

पर्वरीकर
खाली जाऊन बघितलं. लिहायला लाज वाटतेय.

आजींच्या अंगणात एक पपई आणि तुळस. बाकी झाड नाही. पानं आमच्या बदामाची, बिल्डरने पार्किंगला सावली म्हणून लावलेल्या. तळहाताहून मोठी, तांबडी, वाळली की पापडासारखी वाजणारी. अर्धं झाड कंपाउंडच्या पलीकडे झुकलंय. अकरा वर्षं मी वरून बघतोय आणि मला फक्त खराटा दिसत होता.

आजींना सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हाका खबर आसा. झाड कितें करतलें?" म्हणजे मला माहीत आहे, झाड तरी काय करणार. मग विचारलं, तुमच्या खिडकीत दिवा लागतो तो माझ्यामुळे का? मी नाही म्हटलं. अभ्यासाला उठतो म्हटलं. या वयात कसला अभ्यास, हे त्यांनी विचारलं नाही, उपकार.

सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. झाड पाडायचं नाही, पाडायला वनखात्याची परवानगी लागते आणि सावली सगळ्यांनाच हवी आहे. पलीकडे गेलेल्या फांद्या तेवढ्या छाटायच्या. रविवारी माणूस येतोय, मोटरची करवत घेऊन. आजींना तसा निरोप दिला. त्यांनी उलटा निरोप पाठवलाय: दुपारी दोन ते चार नको, त्या झोपतात.