फिजिओथेरपीच्या मुलांना दवाखान्याचा हिशेब शिकवायचा की नाही?

मेधा, राजारामपुरी

इथे कोल्हापुरात माझ्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या मुलामुलींना मी एक प्रश्न हमखास विचारते. उद्या स्वतःचं क्लिनिक काढलंत, तर रोज किती पेशंट आले म्हणजे खर्च निघेल? उत्तर येत नाही. गुडघा बदललेल्या माणसाला कधी उभं करायचं, कधी चालवायचं, हे मात्र सगळं तोंडपाठ.

समजा गाळ्याचं भाडं 15 हजार, मदतनिसाचा पगार 10 हजार, मशीनच्या कर्जाचा हप्ता 12 हजार आणि वीज, फोन, साफसफाई मिळून 3 हजार. झाले महिन्याला 40 हजार. एका सीटिंगचे, म्हणजे एका वेळच्या उपचाराचे, 300 रुपये घेतले तर 134 सीटिंग नुसत्या खर्चात जातात. महिन्यात 26 दिवस दार उघडलं तरी रोज पाच-सहा पेशंट झाल्याशिवाय स्वतःच्या हातात एक रुपया पडत नाही. गणित दहावीचं आहे, पण कॉलेजात ते कुणी फळ्यावर मांडत नाही.

आता पुढचं बघा. मुद्रा कर्ज सहज मिळतं, मशीन विकणारा गोड बोलतो, पोरगं लेसर घेऊन बसतं. मग हप्ता फेडायला दुखणाऱ्या प्रत्येक कंबरेला लेसर लागायला लागतो. नको असलेले उपचार इथून सुरू होतात आणि त्या पोराच्या मनात कुणाला लुबाडायचं मुळीच नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की शेवटच्या वर्षाला हा विषय सक्तीचा हवा. अमेरिकेत कायरोप्रॅक्टिक शिकणाऱ्यांना, म्हणजे हाताने मणक्यावर उपचार करणाऱ्यांना, दवाखाना कसा चालवायचा हे कॉलेजातच शिकवतात, कारण त्यातले बरेच जण पुढे स्वतःचाच दवाखाना काढतात. आपली मुलंही तेच करतात. मग आपण का मागे?

जुना सीपीआरवाला

मेधाताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण या मताला माझा विरोध आहे. अमेरिकेचं उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घ्या. 1895 मध्ये डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी ही विद्या सुरू केली आणि धंदा तिच्या अंगाला पहिल्यापासून चिकटला. आजही तिथे प्रॅक्टिस वाढवण्याची शिबिरं भरतात. पहिल्या भेटीत एक्स-रे काढायचा, पेशंटला घाबरवायचं आणि वर्षभराच्या सीटिंगचे पैसे आगाऊ घ्यायचे, या पद्धतीवर त्यांच्याच व्यवसायातले लोक टीका करतात. तिथला सरकारी विमा, मेडिकेअर, कायरोप्रॅक्टरला फक्त हाताने केलेल्या मणक्याच्या उपचाराचे पैसे देतो, तेसुद्धा पेशंटमध्ये सुधारणा होत असेल तरच. नुसत्या देखभालीच्या सीटिंगला छदाम देत नाही.

अख्ख्या कोर्समध्ये न्यूरो, कार्डिओ, ऑर्थो यांनाच वेळ पुरत नाही. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, गगनबावड्याहून एसटीने लकवा झालेला म्हातारा आणतात, त्याचा हात हलवताना जो तास जातो तोच खरा अभ्यास. त्यातला वेळ काढून नफा-तोटा शिकवणार? नीतिशास्त्र आणि प्रशासनाचा भाग अभ्यासक्रमात आहे, तो नीट शिकवा.

पेठेतला पैलवान

मी काय डॉक्टर न्हाई, पण बोलतो. आमच्या तालमीत खांदा निखळला, गुडघा फिरला की एक फिजिओ डॉक्टर संध्याकाळी स्कूटरवरनं यायचे. एक पैसा कधी घेतला न्हाई. आज अख्खी पेठ त्यांच्याकडंच जातीया. खासबागच्या मैदानात लढणाऱ्या पोराकडं पैसं मागायचं नसतंय, ही हितली रीत हाय. शाहू महाराजांचं गाव हे. पोरांना हिशेब शिकवला की पहिल्यांदा हीच रीत मोडणार बघा.

गडहिंग्लजची नवी फिजिओ

दादा, त्या डॉक्टरांना मनापासून नमस्कार. पण त्यांचं घर त्या वेळी कशावर चालत होतं, हे त्यांना कुणी विचारलं होतं का? माझ्या आईबाबांनी शेतावर कर्ज काढून मला शिकवलंय. मलाही आमच्या गावच्या कबड्डीच्या पोरींना फुकट बघायचंय. महिन्यात अशा किती जणींना बघू शकते, हे हिशेब केल्याशिवाय कळणार कसं? हिशेब येत नसला तर पहिले दोन महिने सगळ्यांना फुकट आणि तिसऱ्या महिन्यात गाळ्याला कुलूप, असं होतं. आमच्या बॅचमधल्या एकाचं झालंय. आता तो एका मोठ्या दवाखान्यात नोकरी करतो आणि तिथे त्याला रोज किती सीटिंग झाल्या पाहिजेत याचा आकडा ठरवून दिलाय.

कावळा नाक्याची, सध्या अमेरिकेत

मी इथे कायरोप्रॅक्टिकच शिकतेय, म्हणून लिहिते. आम्हाला कॉलेजात नोंदी कशा ठेवायच्या, विम्याचे कागद कसे भरायचे, भाडेकरारात काय वाचायचं आणि पेशंटची संमती कशी घ्यायची, हे शिकवतात. काका म्हणतात ती शिबिरं कॉलेजच्या बाहेरची असतात. अंगावर कर्ज घेऊन पदवी घेतलेली, व्यवहार कच्चा असलेली मुलंच तिकडे पैसे भरून जातात, हे मी डोळ्यांनी बघतेय.

भारतात कायरोप्रॅक्टिकची नोंदणी करणारी स्वतःची परिषदच नाही, त्यामुळे परत आल्यावर माझं काय, हा वेगळा विषय. पण रीलमधला मान मोडल्याचा कट्ट आवाज बघून लोक तुमच्याकडे तसाच आवाज मागतात ना? सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो आवाज येतो, जागचं हललेलं हाड बसल्याचा नव्हे. पेशंटला हे पटवताना आवाज विकणाऱ्या शेजारच्या दुकानापुढे आपण टिकायचं कसं, हाही व्यवहारच आहे.

जुना सीपीआरवाला

बाळ, मुद्दा पोचला. तरी एक विचारतो. कोल्हापुरात नवीन फिजिओचा खरा व्यवहार काय असतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पेशंट पाठवणाऱ्याला किती टक्के द्यायचे, हा. 2017 मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला, तो मसुदाच राहिला. तुमच्या त्या तासाला यावर काय सांगणार? आणि सांगणार कोण?

मेधा, राजारामपुरी

मी सांगेन. तोच तर पहिला तास. वर मांडलेल्या हिशेबात 300 मधले 90 रुपये कट म्हणून गेले, तर 134 च्या जागी 191 सीटिंग लागतात. म्हणजे 57 जादा सीटिंग. त्या कुणाच्या पाठीवर काढायच्या? हे एकदा कागदावर दिसलं की नाही म्हणायला बळ येतं. कट न देता उभं राहायचं तर गाळा लहान घ्या, मशीन कमी घ्या, शिरोलीच्या कारखान्यांत जाऊन कामगारांच्या कंबरेवर बोला, दोघींनी मिळून एकच जागा सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. दुधापासून सुतापर्यंत सहकारावर उभा राहिलेला हा जिल्हा आहे, इथे चौघांचं एक क्लिनिक का चालू नये? असा रस्ता दाखवला नाही, तर नुसतं नीतिशास्त्र पाठ करून त्या पोरानं भाडं कशातून भरायचं?

जुना सीपीआरवाला

ठीक. हिशेब, करार, संमतीपत्र, नोंदी आणि हा कटाचा तास, एवढ्याला माझी हरकत नाही. बोलवा, मीही येईन. जाहिरात आणि पॅकेज मात्र वर्गात नको.

मेधा, राजारामपुरी

सर, पॅकेज वगळून कसं चालेल? ते पेशंटच मागतो. "दहा सीटिंगचं एकदम किती लावणार, मॅडम?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. मी सांगते, तिसऱ्या सीटिंगनंतर पुन्हा तपासेन, मग पुढचं ठरवू. आगाऊ दिलेच असतील तर उरलेले परत. हे उत्तर द्यायची सवय वर्गातच लागायला हवी.

जुना सीपीआरवाला

तो तास ठेवा, पण त्यात विरोधी बाजू मी मांडणार. आगाऊ पैसे गल्ल्यात पडले की पाचव्या सीटिंगला बरा झालेला माणूस दहाव्यापर्यंत बोलावला जातो. परत देण्याचा तुमचा नियम किती जण पाळतील, यावर माझा विश्वास नाही. आगाऊ एक रुपयासुद्धा घ्यायचा नाही, एवढंच मी मुलांना सांगणार.