मदत हवी आहे: मॉरिशसच्या बेसाल्टमधलं पांढरं खनिज कोणतं?

नमस्कार मंडळी. सध्या कामानिमित्त मॉरिशसला, क्युरपीपला राहतोय. इथे उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात, शेत मोकळं करताना वेचून रचलेले. दगड आपल्यासारखाच बेसाल्ट, पण आपला दख्खनचा साधारण 6.6 कोटी वर्षांचा, आणि इथला जुन्यात जुना जेमतेम 90 लाखांच्या आसपास. (इथल्या ट्रॅकाइट या ज्वालामुखी खडकामध्ये मात्र 3 अब्ज वर्षांचे झिरकॉन या खनिजाचे कण सापडल्याचं 2017 साली प्रसिद्ध झालं. विलक्षणच आहे ते!)

अशाच एका ढिगातला दगड फोडला. आत हिरवट, काचेसारखे कण आहेत, कडेने तांबूस पडलेले. ते ऑलिव्हिन हे खनिज, याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो पोकळ्यांचा. वाटाण्याएवढ्या पोकळ्यांमध्ये पांढऱ्या रेशमी सुया एका बिंदूतून पंख्यासारख्या फाकल्या आहेत. चाकूने ओरखडा उठतो. भुकटीवर व्हिनेगर टाकलं तरी फेस येत नाही, म्हणजे कॅल्साइट किंवा अ‍ॅरागोनाइट (आम्लात फेसाळणारी कार्बोनेट खनिजं) नसावं.

नाशिककडच्या खाणीतलं स्कोलेसाइट मी पाहिलंय, हे अगदी तसंच दिसतं. पण एवढ्या तरुण लाव्हात झिओलाइट (लाव्हाच्या पोकळ्यांत पाण्यामुळे तयार होणारी खनिजं, स्कोलेसाइट त्यातलंच) तयार होतात का? स्कोलेसाइट, नाट्रोलाइट आणि थॉमसोनाइट ही तीन झिओलाइट नुसत्या भिंगाने वेगळे ओळखता येतात का, की एक्स-रे तपासणीच करावी लागते? शिवाय नमुना भारतात आणायचा तर इथे परवानगी लागते का? भूशास्त्रवाल्यांनी कृपया सांगा, तोवर दगड आहे तसाच ठेवतो.