अकरा वर्षांच्या मुलीचा पहिला बास
मुलीसाठी ३४ इंची (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी) बास, म्हणजे बास गिटार, घ्यावा आणि तो घरच्या गिटार-ॲम्पवरच (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरवरच) वाजवावा, असा सल्ला कुणी दिला, तर मी त्याच्याशी सहमत नाही. इतक्या लांबीवर लहान बोटे फार ताणली जातात. ३० इंची शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारांच्या, बासवर तारांचा ताणही कमी असतो. बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते आणि तो खर्ज मोठ्या आवाजात पेलण्यासाठी गिटार-ॲम्पचा स्पीकर बनवलेलाच नसतो, त्यामुळे स्पीकर फाटू शकतो. हेडफोनची सोय असलेला १५ ते २५ वॅटचा बास-ॲम्प रियाजाला पुरतो. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा वाद्य टिनाच्या छपराखाली किंवा कूलरच्या दमट झोतात मुळीच ठेवू नये, कारण लाकडी मानेचा बाक बदलतो. खरेदीसाठी नागपूर-अमरावतीला जाताना मुलीला अवश्य सोबत न्यावे.