आपोआप चालणाऱ्या स्लाइड शोसाठी फोटो केवढे करावेत?

रानवाट
नमस्कार मंडळी. आई पुढच्या महिन्यात ग्रंथालयातल्या नोकरीतून निवृत्त होतेय. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाबाहेर तीन-चार तास आपोआप फिरत राहील असा फोटोंचा स्लाइड शो करायचाय. १८० फोटो आहेत. निम्मे फोनवरचे (४०००×३०००, प्रत्येकी ४-५ एमबी), निम्मे जुने, स्कॅन केलेले. सगळे पॉवरपॉइंटमध्ये टाकल्यावर फाइल ७०० एमबीच्या पुढे गेली आणि माझा आठ वर्षं जुना लॅपटॉप चाळिसाव्या स्लाइडनंतर अडखळायला लागला. फोटो किती लहान करू? ७२ डीपीआय (इंचाला इतके ठिपके) की ३००? आणि आधीच सांगते, नवीन काही विकत घ्यायचं नाहीये, सॉफ्टवेअरसुद्धा नाही.

जुनी_रीळ
लॅपटॉपमध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) टाका आणि रॅम १६ जीबी करा. मी केलं तेव्हापासून तीनशे फोटो मूळ आकारात सरसर चालतात. फोटो लहान करायची गरजच पडत नाही.

कंदील
@जुनी_रीळ, त्यांनी विकत काही घ्यायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय.
रानवाट, डीपीआय डोक्यातून काढून टाका. पडद्याला फक्त पिक्सेल कळतात. फुल एचडी पडदा म्हणजे १९२०×१०८०. फोनचा आडवा फोटो ४:३ असतो, तो पूर्ण दाखवायचा तर १४४०×१०८० पुरे. उभा असेल तर ८१०×१०८०. लॅपटॉप का दमतो तेही सांगतो. ४०००×३००० चा जेपेग डिस्कवर ५ एमबी दिसतो, पण उघडला की प्रत्येक पिक्सेलला निदान तीन बाइट लागतात, म्हणजे ३६ एमबी. तोच फोटो १४४०×१०८० केला की पाच एमबीच्या आत.

शेवटचा_बाक
डीपीआय विसरा म्हणे! मी वीस वर्षं छपाईच्या कामात काढली आहेत. ३०० च्या खाली फोटो कधी हातात घेतला नाही. रानवाट, ३०० च ठेवा.

कंदील
छपाईत तुमचं शंभर टक्के बरोबर. पण १४४०×१०८० च्या फाइलवर ७२ लिहा की ३००, पूर्ण स्लाइडभर पसरल्यावर तसूभर फरक पडत नाही. फोटो टाकताक्षणी स्लाइडवर तो केवढा उतरेल, एवढ्यापुरताच तो आकडा.

शेवटचा_बाक
आणि स्कॅनिंगचं काय? तिथे डीपीआयवरच सगळं अवलंबून असतं. ६×४ इंचांचा फोटो ३०० ने स्कॅन केला तर १८००×१२०० मिळतात, चांगलं काम होतं. पण पासपोर्ट आकाराचा फोटो, ४५ मिमी उंच, ३०० ने केला तर उंची जेमतेम ५३० पिक्सेल. तो पडद्यावर ताणला की चेहरा पिठासारखा दिसतो. ६०० ने करा, १०६० च्या आसपास मिळतील.

कंदील
हे मात्र अगदी खरं. स्कॅनबद्दल मी लिहायला हवं होतं.

खटपट्या
एवढा खटाटोप कशाला? पॉवरपॉइंटमध्येच ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ आहे. कुठल्याही फोटोवर क्लिक करा, ‘फक्त या चित्राला लागू’ ही खूण काढा, १५० पीपीआय (इंचाला पिक्सेल) निवडा. १६:९ ची स्लाइड १३.३३ इंच रुंद असते, गुणिले १५० म्हणजे २००० पिक्सेल. फुल एचडीला भरपूर. ९६ निवडू नका, १२८० च उरतात. आणि आधी फाइलची प्रत काढून ठेवा, सेव्ह केल्यावर मूळ पिक्सेल परत येत नाहीत.

जुनी_रीळ
कॉम्प्रेसच्या नादी लागू नका. माझ्या भावाच्या कार्यक्रमाला नातेवाइकांकडून फोटो मेसेजवर मागवले होते. आधीच आक्रसलेले आले, त्यावर मी पुन्हा कॉम्प्रेस केलं. मागच्या रांगेतली माणसं ओळखू येईनात. फोटो मागवाल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि एसएसडीचा विचार कराच.

पिंपळपान
सरळ व्हिडिओ एक्स्पोर्ट करा, १०८०पी. १८० फोटो, प्रत्येकी ६ सेकंद, १८ मिनिटांचा होईल. पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावा आणि रिपीट चालू करा. लॅपटॉपच नको.

खटपट्या
व्हिडिओला +१.

दोनओळी
व्हिडिओला माझंही +१. पण त्याआधी तिथला पडदा बघून या. आम्ही सगळं १६:९ मध्ये नीट बसवलं आणि तिथे प्रोजेक्टर निघाला १०२४×७६८ चा. वर-खाली काळे पट्टे आणि मधे बारीकसं चित्र. दोन आठवड्यांची मेहनत होती, फार वाईट वाटलं. टीव्ही असेल तर आणखी एक: काही टीव्ही चारी कडा थोड्या कापतात. फोटोखाली नावं लिहिणार असाल तर कडेपासून आत लिहा.

शेवटचा_बाक
पट्ट्यांवरून आठवलं, सगळे फोटो १६:९ ला क्रॉप करा. बाजूला काळं दिसलं की काम अर्धवट वाटतं.

पिंपळपान
सहमत. भरलेला पडदाच छान दिसतो.

रानवाट
सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहिते.
पडदा बघून आले, फुल एचडी टीव्ही आहे. इरफानव्ह्यू हे फोटोंचं सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट आहे, त्याच्या बॅच कन्व्हर्जनमध्ये सगळे फोटो १४४०×१०८० च्या चौकटीत बसवले. प्रमाण कायम ठेवलं आणि लहान फोटो मोठे होऊ दिले नाहीत. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये तसेच आहेत. फाइल ७० एमबीवर आली. काल रात्री दोन पूर्ण फेऱ्या चालवल्या, कुठेही अडखळलं नाही.
शेवटचा_बाक, आईच्या पहिल्या ओळखपत्रावरचा फोटो तुमच्या सांगण्यावरून ६०० ने पुन्हा स्कॅन केला. कोपऱ्यातला अर्धा गोल शिक्का आणि तिच्या कानातले खडे आता स्पष्ट दिसतात. मी ते खडे याआधी कधी पाहिलेच नव्हते.
क्रॉप मात्र करणार नाही. ४:३ चा फोटो १६:९ केला की उंचीचा चौथा हिस्सा जातो. कर्मचाऱ्यांच्या जुन्या ग्रुप फोटोत आई सगळ्यात मागे, बाकावर उभी आहे, डोकं अगदी फोटोच्या वरच्या कडेला टेकलेलं. वरून कापलं तर तीच जाते, खालून कापलं तर जमिनीवर बसलेले शिपाईकाका जातात. दोघंही हवेत. स्लाइडची पार्श्वभूमी काळी ठेवलीय, बाजूला पट्टे दिसू देत.
व्हिडिओही नको, कारण तिच्या सहकाऱ्यांचे फोटो अजून येताहेत आणि आदल्या रात्रीही एखादा घालावा लागेल. स्लाइड शोच्या सेटअपमध्ये ‘किऑस्क’ निवडलं, म्हणजे एस्केप दाबेपर्यंत फिरत राहतो आणि कुणी क्लिक केलं तरी पुढे सरकत नाही. ट्रान्झिशनमध्ये ७ सेकंद देऊन सगळ्या स्लाइडना लागू केलं. फाइल पीपीएसएक्स म्हणून सेव्ह केली, डबल क्लिक केली की थेट शो सुरू होतो. लॅपटॉपचं स्लीप बंद केलंय, चार्जर लावूनच ठेवणार.

जुनी_रीळ
छान. पण ७ सेकंद फार होतात, ४ पुरे.

रानवाट
ग्रुप फोटोत २६ माणसं आहेत. त्या स्लाइडला मी १५ दिलेत.