शब्दचर्चा : परवानाधारक समाजसेवक?

अनुवादिका : अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी मी एका माहितीपत्रकाचा अनुवाद करीत आहे. तेथे समुपदेशन करणाऱ्या सोशल वर्करला प्रत्येक राज्याचे वेगळे लायसन्स लागते आणि सेवा घेणारी व्यक्ती ज्या राज्यात असेल तेथील नियम लागू होतात. त्यामुळे मुलगी कॉलेजसाठी परराज्यात गेली की तिचे फोनवरचे समुपदेशनही अडू शकते. यावर उपाय म्हणून झालेला राज्यांमधील करार २०२३ मध्ये प्रथम मिसुरीने स्वीकारला आणि २०२४ मध्ये सात राज्ये झाल्यावर तो अमलात आला. मी ‘परवानाधारक समाजसेवक’ असे लिहिले, तर सासूबाईंनी विचारले, “समाजसेवेला परवाना कशाला?”

नागपूरकर : त्यांची शंका रास्त आहे. समाजसेवक म्हणजे पदरमोड करणारा, अशीच आपली समजूत आहे. मुंबईत १९३६ पासून ज्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, त्या विषयाला मात्र ‘समाजकार्य’ म्हणतात. तेव्हा ‘समाजकार्यकर्ता’ लिहावे.

मीरा : कार्यकर्ता म्हटले की पक्षाचा झेंडाच डोळ्यांसमोर येतो! शिवाय आपल्या सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पगारी पद आहेच. माझ्या वडिलांच्या आजारपणात अशाच एका बाईंनी आम्हांला मदतनिधीचे अर्ज भरून दिले होते. ‘सेवा’ हा शब्द मी सोडणार नाही.

जुना लेखनिक : ‘परवाना’ फारसी आहे, ‘अनुज्ञप्ती’ लिहावे. परिवहन कार्यालयातही वाहन चालवण्याची ती अनुज्ञप्ती आणि रिक्षाचा तो परवाना, असा भेद पाळतात. येथे प्रश्न माणसाच्या पात्रतेचा आहे.

नागपूरकर : शिकाऊ अनुज्ञप्ती खिशात घेऊन फिरणारा मुलगाही तिला ‘लायसन’च म्हणतो. पत्रक आजीला वाचता यायला हवे.

अनुवादिका : माझी खरी अडचण पुढे आहे. ‘परस्परमान्यता’ लिहिले, तर एका राज्याचे लायसन्स पाहून दुसरे राज्य आपले नवे देते, असा अर्थ होऊ शकतो. या करारात एकच लायसन्स सर्व सदस्य राज्यांत चालावे, अशी योजना आहे. ‘आंतरराज्य’ म्हणावे की ‘बहुराज्य’?

मीरा : ‘बहुराज्य’ मला पटते, परंतु ‘कार्यकर्ता’ नको, एवढे पुन्हा सांगते.

जुना लेखनिक : आणि ‘परवाना’ही नको.