मदत हवी आहे: लेखनिक मिळाली तरी कॉलेज अडवतंय, पेपर ९ दिवसांवर

शाईसांडली:
ऑफिसातले क्लार्क म्हणतात अर्ज अपुरा आहे. मी सांगेन ते पेपरात लिहिणारी लेखनिक मी स्वतः शोधलीय, शेजारचीच आहे, अकरावीत. तिचं बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, फोटो सगळं जोडलंय. तरी "अजून एक कागद लागतो, नियम बघा" एवढंच. माझ्या वर्गातल्या मुलाला मागच्या वर्षी असला काही कागद मागितला नव्हता, मग मलाच का? कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा. उपदेश नको, प्लीज.

बाकावरचा:
हाताला काय झालंय? प्लास्टर असेल तर डॉक्टरांचं पत्र लागतं. भाच्याला लागलं होतं, एक्सरेसकट.

शाईसांडली:
हात ठणठणीत आहे.

अक्षरशत्रू:
म्हणजे डिसग्राफिया, हाताने लिहायलाच अडचण! अपंगत्वाची टक्केवारी मागत असतील तर ऐकू नका. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, सर्वोच्च न्यायालय, ११ फेब्रुवारी २०२१. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येत नाही, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलंय. प्रिंट काढा आणि टेबलावर ठेवा. मी शाळेत अक्षरापायी इतका मार खाल्लाय की हा निकाल मला पाठ आहे.

खडूफळा:
आधी वर्ष आणि शाखा सांगा. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा शिक्षणाने एक पायरी खाली हवा. मी बरीच वर्षं सिनियर सुपरवायझर होतो, वर्गात येऊन लेखनिक परत पाठवावे लागलेत.

शाईसांडली:
एसवायबीए, इतिहास. ती अकरावीत आहे हे वर लिहिलंय की! यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी कार्ड आहे, ५० टक्के. अजून काय हवं?

जुनाच_आयडी:
ताई, ५० टक्के कशाचं? सहा प्रतिसाद झाले, अजून कुणालाच माहीत नाही.

शाईसांडली:
डोळे. आरपी आहे, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. लिहिलंय असंच वाटत होतं मला.
मागच्या सेमिस्टरला लेखनिक घेतली नव्हती. वर्गात ट्यूबलाइट पंख्याच्या मागे, पात्याची सावली सारखी कागदावरून फिरत होती. आखलेली ओळ दिसेनाशी झाली की मी पट्टी ठेवून लिहायचे. पट्टी सरकली आणि अख्खं पान एकावर एक लिहिलं गेलं. पर्यवेक्षकांनी वर येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

गवतीचहा:
अगं, रात्री त्रिफळा भिजत घालून सकाळी त्या पाण्याने डोळे धू. माझ्या जावेचा नंबर उतरला.

शाईसांडली:
काकू, पडद्याचा आजार आहे. नंबरचा प्रश्न नाही.

पानगळ:
स्कॉलरशिप भरलीस का? नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी पोस्ट मॅट्रिक आहे. जाता जाता, "दिव्यांग" हा शब्द मला अजिबात पटत नाही, सरळ अपंग म्हणावं.

जुनाच_आयडी:
त्यासाठी वेगळा धागा काढा. मागच्या वेळी या शब्दावरून दीडशे प्रतिसाद झाले होते आणि मूळ प्रश्न तसाच राहिला.

कानसेन:
शाईसांडली, दोनच गोष्टी सांगा. कार्डावर "लो व्हिजन" लिहिलंय की "ब्लाइंडनेस"? आणि तो वर्गातला मुलगा पूर्ण अंध आहे का?

शाईसांडली:
लो व्हिजन. तो जन्मापासून अंध. त्याचा इथे काय संबंध?

कानसेन:
मेख तिथेच आहे. अपंगांच्या लेखी परीक्षांसाठी केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचना बघा. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणं आणि सेरेब्रल पाल्सी, या तिघांना मागितला की लेखनिक. बाकी सगळ्यांना, लो व्हिजनसुद्धा, वेगळं पत्र लागतं: या व्यक्तीला लिहिण्यात शारीरिक अडचण आहे, तिच्या वतीने लिहायला लेखनिक आवश्यक आहे. ते जिल्हा शल्यचिकित्सक, मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा सरकारी रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक देतात. मजकूर त्याच सूचनांच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. तो छापूनच न्या, नाहीतर "कसलं पत्र?" इथपासून सुरुवात होते.
परिशिष्ट २ म्हणजे तुमचं हमीपत्र, स्वतःचा लेखनिक आणता म्हणून. तेही भरून ठेवा.
आरपीत नजरेचं क्षेत्र आकसत जातं. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ते १० अंशांपेक्षा कमी झालं की अंधत्वात धरतात. तपासणी जुनी असेल तर पुढे कधीतरी कार्ड नव्याने करून घ्या. आत्ता नको, ९ दिवसांत ते होणार नाही.

अक्षरशत्रू:
सरकारी कार्ड असताना पुन्हा सरकारी डॉक्टरचं पत्र? हा छळ आहे. २०२१ चा निकाल...

कानसेन:
छळ आहेच. पण तो निकाल ४० च्या खालच्यांसाठी. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला त्यांच्यासाठी वेगळ्या सूचना आल्या. हिच्याकडे ५० आहेत. हिला भांडायचंय की पेपर द्यायचाय?

अक्षरशत्रू:
दोन्ही करता येतं.

खडूफळा:
एसवायच्या खाली एक पायरी म्हणजे एफवाय की बारावी, यावर आमच्या स्टाफरूममध्ये तासभर वाद झाला होता. अकरावीवर कुणी बोट ठेवणार नाही. मुलगी बरी निवडलीत.

बाकावरचा:
लेखनिक कशाला? मोठ्या टायपातला पेपर मागा आणि स्वतःच लिहा. लेखनिक न घेणाऱ्यांना ३ तासांच्या पेपरला किमान १ तास जादा देण्याची तरतूद त्याच सूचनांत आहे.

शाईसांडली:
वाचता येतं हो, मोठं असेल तर. लिहिताना ओळ हरवते.

कानसेन:
मग लेखनिकच घ्या. जादा वेळ तसाही आहे, तासाला किमान २० मिनिटं. अडीच तासांच्या पेपरला ५०. हॉल तिकिटावर येत नसेल तर पत्रात लिहून मागा आणि आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा.
आणखी एक. त्या मुलीबरोबर जुना पेपर एकदा पूर्ण सोडवा. मी बीएला असताना माझ्या लेखनिकाला म्हणालो, "मुद्दा दोन खोडा, वरती बाण दाखवा." त्याने तेच वाक्य सुवाच्य अक्षरात उत्तरपत्रिकेत लिहिलं. निकालानंतर झेरॉक्स मागवली तेव्हा घरच्यांनी वाचून दाखवलं.

शाईसांडली (तीन दिवसांनी):
मिळालं पत्र. दोन खेपा झाल्या, पहिल्या दिवशी सही करणारे डॉक्टर मीटिंगला होते. क्लार्कने बघितलं आणि म्हणाले, "हाच तो." मग आधी नाव सांगायला काय झालं होतं? कानसेनदादा, खूप आभार.
काल १८५७ च्या प्रश्नावर सराव केला. पावणेदोन पानं झाली. मी "खोड" म्हटलं तिथे तिने तीनदा "खोड" लिहून ठेवलंय.

जुनाच_आयडी:
जित्याची खोड!

गवतीचहा:
अगं, त्या कार्डावर एसटीत सवलत मिळते का गं? जावेसाठी विचारतेय.