मागच्या आगरातलं तळं
दादा: मंडळी, मे महिन्यात सगळे गावी जमतोय, तेव्हा मागच्या आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, छोटं तळं खणूया. दहा बाय सहा फूट, दोन फूट खोल. फणसाखाली जागा छान आहे.

आत्या: फणसाखाली नको रे. पानं पडून पाणी कुजेल. कमळांना पाच-सहा तास ऊन हवं.

मोठे काका: शिवाय पहार मारशील तिथे मूळ लागेल. कुंपणाकडे दोन पोफळी पडल्यात, तिथे खण. पण आपल्याकडे सगळा जांभा दगड, पाणी धरत नाही. पाऊस संपला की तळ कोरडा.

दादा: शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घालू ना. उतारासाठी लांबी-रुंदीत चार-चार फूट, काठावर दाबायला दोन-दोन फूट जास्त. म्हणजे 16 बाय 12.

मोठे काका: बरोबर. जांभ्याचे कंगोरे कागद फाडतात, म्हणून खाली दोन इंच चाळलेली रेती आणि वर जुन्या सतरंज्या. अजून एक. जुलैत आपली विहीर काठोकाठ भरते. तेच पाणी जमिनीतून कागदाला वर ढकलतं. तळं भरलेलं असलं तर तो टिकतो, म्हणून पावसात तळं कधीही उपसायचं नाही.

दादा: भरायला 3400 लिटर लागतील. मे महिन्यात विहिरीतून कसे काढणार?

मोठे काका: विहिरीला हात लावू नकोस. छपराची पन्हळ तळ्यात सोड. शंभर चौरस मीटर छपरावर 34 मिलिमीटर पाऊस पडला की झालं. जूनमध्ये आपल्याकडे एका दिवसाचं काम.

वहिनी: आणि डास? शिवाय बाळ आत्ताच धावायला लागलंय. एवढ्या पाण्यात ते बुडू शकतं. आधी जाळीचं कुंपण, मग पाणी. त्याशिवाय मी बाळाला घेऊन येणार नाही.

दादा: मान्य. कुंपण झाल्याशिवाय पन्हळ जोडणार नाही.

आत्या: डासांसाठी गप्पी मासे सोडा, अळ्या खातात. आरोग्य केंद्रात विचारते. पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गेले तर आपल्या माशांच्या खाण्यावर येतील. जादा पाणी जाईल त्या पाइपला बारीक जाळी लावा, आणि ते पाणी व्हाळाकडे न काढता माडांच्या आळ्यात सोडा. एका काठाला दगडांचा उतार ठेवा, बेडकांना वर येता आलं पाहिजे.

मोठे काका: खणलेला जांभ्याचा चिरा फेकू नका रे, त्याचाच भोवती गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, रचू. जाळी त्यावर. दोन पहारी, घमेली माझ्याकडे आहेत.

दादा: कागद मी पुण्याहून आणतो. वहिनी, जाळी किती उंच हवी?

वहिनी: गडगा धरून चार फूट. फाटकाला कडी वरच्या बाजूला.